रमजानआधी या चुका टाळा: तयारीचा खरा महिना शाबानच

शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागला की घराघरांत यादी होते: खजूर, बेसन, साबुदाणा, सरबताच्या बाटल्या. ती व्हायलाच हवी, सहरी-इफ्तार घरच्या बाईच्या एकटीच्या डोक्यावर पडू नये म्हणून तर नक्कीच. पण रोजे फर्ज (बंधनकारक) झाल्याचं सांगताना कुरआनात हेतू एकच सांगितलाय, तुमच्यात तकवा, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वागणं, यावा (सूरह बकरा, आयत 183). आणि त्याची यादी बहुतेक घरांत कोणी करतच नाही.

चाँदरातीपर्यंत (रमजानचा चंद्र दिसेपर्यंत) थांबणं

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) सांगतात, रमजान सोडला तर पैगंबर (स.) सर्वांत जास्त रोजे शाबानमध्ये ठेवत. म्हणजे सरावाचा महिना हाच. सोमवार-गुरुवारचे रोजे धरा, उठून दोन रकात तहज्जुद (रात्रीची ऐच्छिक नमाज) पढा, सकाळचा चहा हळूहळू कमी करा. पहिल्या तीन-चार रोज्यांत डोकं ठणकतं ते बहुतेक वेळा चहा एकदम तुटल्यामुळे. फक्त रमजान लागायच्या एक-दोन दिवस आधी नवा नफिल (ऐच्छिक) रोजा धरू नका, हदीसमध्ये त्याची मनाई आहे; ज्यांची आधीपासून सवय आहे त्यांची गोष्ट वेगळी.

शब-ए-बरातला (शाबानच्या पंधराव्या रात्री) रात्रभर जागरण आणि दुसऱ्या दिवशी फजर (पहाटेची नमाज) झोपेत, ही याच चुकीची दुसरी बाजू. थोडं का असेना, पण नेमानं केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं, असं हदीस सांगते.

माफीचा फॉरवर्ड पाठवून मोकळं होणं

याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण सगळी तयारी इथेच अडते. शब-ए-बरातच्या आसपास फोनवर एकच मेसेज फिरतो, ‘काही चुकलं असेल तर माफ करा’. तो दोनशे जणांना जातो. ज्या भावाशी वाडवडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे, नेमका त्याला जात नाही. माणसाचा माणसावर जो हक्क असतो तो त्या माणसानंच सोडायचा असतो, नुसत्या तौबेनं (अल्लाहकडे मागितलेल्या माफीनं) तो फिटत नाही. म्हणून फोन लावा, जमलं तर दारात जाऊन उभे राहा. समोरचा बोललाच नाही तरी तुमचं पाऊल पुढे पडलेलं असेल.

पैशाचंही तेच. फोंड्यात माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. त्यांच्या गल्ल्याखाली दोन वह्या असतात, एकीत येणं, दुसरीत देणं. शाबान लागला की ते देण्याची वही आधी उघडतात. सुताराचे राहिलेले पैसे, माल उतरवणाऱ्याची मजुरी, कोणाच्या तरी घरभाड्याची अनामत. देऊन झालं की त्या ओळीवर तिरकी रेघ मारतात आणि मगच जकातीचा (मालमत्तेतून द्यायच्या बंधनकारक दानाचा) हिशेब मांडतात. क्रम हाच बरोबर आहे. जकात अडीच टक्के, निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी, हे आपल्याला पाठ असतं. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, हेही तितकंच पाठ असावं. आणि तो मजूर कुठल्या धर्माचा, कुठल्या राज्यातून गोव्यात आलेला, याचा इथे काही संबंध नाही.

कजा रोजे विसरणं

गेल्या रमजानचे सुटलेले रोजे बायकांच्या लक्षात असतात, पण घर त्यांना ते धरायला सवड देत नाही. हजरत आयशांचे कजा रोजेही शाबानमध्येच पुरे व्हायचे, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. कालनिर्णयवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बघावं.

पहिल्या आठवड्यातच कुरआन थांबतो

कारण साधं आहे: वर्षभर उघडलेला नसतो आणि एकदम रोज एक पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) ठरवतो. शाबानमध्ये रोज एक पान तरी वाचा. मग रमजानमध्ये प्रत्येक नमाजनंतर चार पानं धरा. पंधरा ओळींच्या कुरआनात पारा साधारण वीस पानांचा असतो, पाच नमाजांत तो होतो. अरबी अडखळत असेल तर पानं कमी करा, वाचन सोडू नका. मराठी भाषांतरं मिळतात. रोज एक-दोन आयतींचा अर्थ घरी मोठ्यानं वाचला तर मुलांच्याही कानावर पडतो.

सीझनचा विचार न करणं

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान मागे सरकत राहतो. 2026 मध्ये कार्निव्हल संपतो न संपतो तोच तो लागला. पुढची काही वर्षं तो ऐन पर्यटनाच्या सीझनमध्येच येणार आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. हॉटेलात, टॅक्सीवर, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करणाऱ्यांनी शिफ्टचं बोलणं शाबानमध्येच करून घ्यावं. इफ्तारला दहा मिनिटं मिळाली तरी खजूर-पाणी आणि मगरीब (सूर्यास्तानंतरची नमाज) होते. तरावीहची (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजची) जमात, म्हणजे मशिदीतली सामूहिक नमाज, चुकली तर घरी येऊन पढा, पण सोडू नका. आणि कामाच्या जागी जीभ सांभाळायचा सराव आतापासून करा. जो खोटं बोलणं सोडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, असं पैगंबरांनी (स.) स्पष्ट सांगितलंय. चहाटळपणा, चुगली, ग्रुपवरची भांडणं सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकानं आपोआप थांबत नाहीत.

गल्फमधल्या नातेवाइकांचा ‘उद्या आमचा पहिला रोजा’ असा फोन आला म्हणून गोंधळू नका. आपल्या मशिदीतून जे जाहीर होईल ते धरा.

मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांकडे निदान महिनाभर आधी जा. गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलू नका. आजाऱ्याला सवलत कुरआननंच दिली आहे (2:184). बरं होण्याची आशा असेल तर रोजे नंतर भरून काढायचे, नसेल तर फिदया (रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण). अब्बा हट्टानं रोजा धरतात अशी तक्रार असेल तर मौलानांनाच घरी बोलवा. मुलांपेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

हे वाचताना शाबानचे दोन-तीनच दिवस उरले असतील तर सगळं धरायला जाऊ नका. एक देणं चुकतं करा, एक अडलेला फोन लावा, कुरआन कपाटातून काढून हाताशी ठेवा. कजा राहिलेच तर त्यांची संख्या लिहून ठेवा आणि ईदनंतर कसे धरायचे ते आपल्या मशिदीत विचारून घ्या.