लांब पल्ल्याच्या धावण्याचा छंद अंगवळणी कसा पाडावा

लांब पल्ल्याचे धावणे हौसेने सुरू करणारे पुष्कळ असतात. वर्षभराने त्यांतले थोडेच टिकून राहतात. जे गळतात ते आळशी, असे मानण्याची पद्धत आहे, परंतु प्रत्यक्षात बहुतेक जण आळसामुळे नव्हे, तर सुरुवातीलाच फार वेगाने आणि फार लांब धावल्यामुळे गळतात. दर खेपेला धाप लागून आणि अंग ठणकत घरी परतावे लागत असेल, तर पुन्हा बूट चढवायला मन राजी होत नाही, आणि केवळ निश्चयाच्या जोरावर मनाचा हा नकार फार दिवस मोडून काढता येत नाही. म्हणून धावणे सुसह्य करणे हे या छंदातले पहिले काम आहे. अंतर, वेग आणि शर्यती यांचा विचार त्यानंतर करावा.

आधी वेळ ठरवावी

आठवड्यातले तीन दिवस आणि त्या दिवसांची एकच वेळ निश्चित करावी. सकाळच चांगली की संध्याकाळ, या वादात पडू नये. ज्या वेळेवर इतर कामांचे अतिक्रमण सर्वांत कमी होते, ती वेळ आपली. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचे जुने दुखणे असेल, अथवा बरीच वर्षे व्यायामच झालेला नसेल, तर प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साहित्यात पायाला नीट बसणारे, बोटांपुढे थोडी जागा ठेवणारे बूट एवढेच अत्यावश्यक आहे. घड्याळे आणि खास कपडे यांची खरेदी पहिल्या आठवड्यातच उरकणारे अनेक असतात, पण त्या खरेदीचा उत्साह धावण्याचा उत्साह म्हणून धरू नये.

बोलता येईल इतकेच वेगाने धावावे

वेग योग्य आहे की नाही हे ओळखण्यासाठी उपकरण लागत नाही. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. दोन-तीन शब्दांवर श्वास तुटत असेल तर तो कमी करावा. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मध्यमवयीन, कधीही न धावलेल्या लोकांना याच तत्त्वावर धावते केले, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पीटर स्नेल व मरे हॅलबर्ग यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. तेव्हा सावकाश धावणे ही केवळ नवशिक्यांची सोय आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

ज्यांना सलग पाच मिनिटेही धावता येत नाही, त्यांनी आलटून पालटून धावावे आणि चालावे. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस ते तीस मिनिटे करावे. काही आठवड्यांत धावण्याचा वाटा वाढवत न्यावा. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, आणि तिच्या आधारे असंख्य लोकांनी मॅरेथॉनही पूर्ण केली आहे. मध्ये चालणे म्हणजे हार, असे वाटून घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या महिन्यात घरी बसलेला आढळतो.

सवय जडायला लागणारा काळ आधीच हिशेबात धरावा

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजची एक नवी कृती आपोआप घडू लागण्यास लागणारा काळ व्यक्तीनुसार १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलत असल्याचा अंदाज निघाला, आणि त्याचा मध्यक ६६ दिवसांचा होता. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष धावणाऱ्याच्या अधिक उपयोगाचा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेला फारशी बाधा येत नाही. त्यामुळे खंड पडला म्हणून सगळे मुसळ केरात गेले असे समजू नये, आणि चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पटही धावू नये.

ज्या दिवशी मुळीच इच्छा नसेल, त्या दिवशी फक्त दहा मिनिटांचा करार करावा. दहा मिनिटांनंतरही नकोसे वाटले, तर निःशंकपणे परत फिरावे. धावताना येणाऱ्या धुंदीविषयी बरेच लिहिले जाते, पण ती सर्वांना येत नाही आणि येणाऱ्यांनाही दर वेळी येत नाही. तिची वाट पाहत बसल्यास निराशा मात्र नक्की पदरी पडते.

दुसरा आणि तिसरा महिना सांभाळावा

या छंदातला सर्वांत धोक्याचा काळ सुरुवातीचा नसून त्यानंतरचा आहे. नियमित धावू लागल्यावर हृदय, रक्ताभिसरण आणि श्वास काही आठवड्यांतच सुधारतात; पूर्वी धाप लावणारे अंतर सहज जमते आणि आपण आणखी बरेच धावू शकतो, असे वाटू लागते. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्या सावकाश बळकट होतात, आणि हाडांचा झिजलेला भाग काढून तेथे नवा भरण्याचे काम तर काही महिने चालते. दम वाढलेला आणि पाय मात्र अजून तयार नाहीत, अशी विषम स्थिती निर्माण होते, आणि नडगीचे दुखणे, टाचेमागच्या कंडरेची सूज, गुडघ्याभोवतीच्या वेदना यांना नेमके याच काळात निमंत्रण मिळते. जखमी झालेला नवशिका विश्रांतीसाठी थांबतो आणि पुष्कळदा परत येतच नाही.

यावर उपाय म्हणजे जमत असूनही कमी धावणे, आणि तो कंटाळवाणा आहे हे मान्य केले पाहिजे. आठवड्याचे एकूण अंतर थोडे वाढवावे, दोन-तीन आठवडे तेथेच ठेवावे आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. दर आठवड्याला दहा टक्केच वाढ करावी, असा एक नियम सांगितला जातो. तो अंदाजासाठी ठीक आहे, पण शरीर टक्केवारी पाळत नाही. धावून झाल्यावर सर्वत्र जाणवणारा जडपणा स्वाभाविक असतो. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी आणि धावताना वाढत जाणारी वेदना मात्र थांबण्याची सूचना असते.

आठवड्यातली एक धाव लांब ठेवावी

तीन दिवस सुरळीत चालू लागले की त्यांतला एक दिवस लांब धावेसाठी राखावा. ती किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजावी, इतर दिवसांपेक्षाही सावकाश धावावी आणि एका वेळी पाच-दहा मिनिटांहून अधिक वाढवू नये. तासाच्या पुढे पायांना एक लय सापडते, मन मोकळे होते, आणि लांब पल्ल्याची खरी गोडी बहुतेकांना तेथेच लागते. त्याआधी छंद सोडणाऱ्याने तो चाखलेलाच नसतो, असे माझे मत आहे.

सोबत शोधावी, शर्यतीची घाई करू नये

कोणीतरी वाट पाहत आहे, एवढी जाणीवही माणसाला घराबाहेर काढते. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ धावकांनी सुरू झालेला पार्करन हा दर आठवड्याचा विनामूल्य पाच किलोमीटरचा उपक्रम आज अनेक देशांत चालतो, तो मुख्यतः या जाणिवेच्या बळावर. मात्र सोबत आपल्या वेगाची असावी. वेगवान गटामागे फरफटत जाण्यापेक्षा एकटे धावणे बरे.

पहिली शर्यत पाच किंवा दहा किलोमीटरची निवडावी, त्यानंतर २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन. ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन किमान वर्षभराच्या नियमित सरावानंतरच मनात आणावी. शर्यतीची तारीख सरावाला दिशा देते, पण एकाच शर्यतीसाठी धावणारे अनेक जण ती संपताच धावणेही संपवतात. म्हणून शर्यतीपूर्वीच तिच्या पुढच्या महिन्याचा साधा, हलका कार्यक्रम लिहून ठेवावा.

खंड पडल्यास

आजारपण, दुखापत किंवा कामाचा ताण यांमुळे कधी ना कधी धावणे थांबणारच. अशा वेळी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ठरलेल्या वेळी चालायला जावे, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कामाच्या ताब्यात जात नाही. महिनाभराच्या खंडानंतर पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून, तर त्याहून मोठ्या खंडानंतर पुन्हा धावणे-चालणे या पद्धतीपासून आरंभ करावा, आणि पहिले दोन आठवडे जुन्या वेळांच्या नोंदी उघडूनही पाहू नयेत.