काळ्या मातीत बुटका पाम: खड्डा नको, उंचवटा करा

खान्देशात बुटका पाम लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "थंडीत टिकेल का?" टिकतो. बुटका पाम म्हणजे चॅमेरॉप्स ह्युमिलिस. हा भूमध्य समुद्राकाठचा पाम, उणे १० अंशांच्या आसपासची थंडी काढतो. जळगाव-भुसावळकडे पारा ७-८ अंशांवर उतरला की केळीला चरका बसतो, बांधावर शेकोट्या पेटतात. त्या रात्री या पामाला काही होत नाही. नीट रुजलेलं झाड मे महिन्यातले ४५ अंशही सोसतं. आपल्याकडे तो मरतो पावसाळ्यात, आणि मरतो पाण्याने.

खरेदी करताना पानाचा देठ बघा. रोपवाटिकेत पंख्यासारखं पान असलेलं काहीही 'फॅन पाम' म्हणून गळ्यात मारतात. चॅमेरॉप्सच्या देठावरचे काटे पानाच्या दिशेने, म्हणजे पुढे वळलेले असतात. मागे वळलेले काटे आणि टोकाला लोंबणारी पानं असतील तर तो बहुधा चायना पाम. पानांतून पांढरे दोरे सुटलेले दिसले तर वॉशिंग्टोनिया. तो घराच्या वर जातो, त्याला बुटका म्हणून आणू नका.

लावायची वेळ: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. माती अजून उबदार असते आणि मोठा पाऊस सरलेला असतो.

आता लावणी. पहिली तीन झाडं मी इथेच घालवली. आंब्याला करतात तसा ३ बाय ३ फुटांचा खोल खड्डा खणला, मुरूम, वाळू, शेणखत भरलं, वर छान आळं केलं. उन्हाळाभर झाड हिरवंगार. ऑगस्टमध्ये मधलं कोवळं पान सहज ओढून पाहिलं तर हातात आलं, बुडाशी सडलेलं, घाण वास मारणारं. दुसऱ्या वर्षी "निचरा वाढवा, वाळू जास्त घाला" हा सल्ला ऐकला आणि झाड आणखी लवकर गेलं. उकरून पाहिलं तेव्हा अर्धा खड्डा पाण्याने भरलेला.

काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातल्या भेगा मिटतात. भोवतीचं पाणी मुरमातून, वाळूतून खड्ड्यात उतरतं आणि तिथून पुढे त्याला वाट नसते. तो खड्डा म्हणजे बिनभोकाची बादली. वाळू वाढवली की बादलीत पाणी आणखी मावतं, एवढंच. आणि पामाच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो सडला की ते खोड संपलं. बाजूने नवी फांदी फुटत नाही.

म्हणून खड्डा खणूच नका. कुदळीने वरची वीतभर माती फक्त मोकळी करा. तिच्यावर ५ फूट रुंद, दीड फूट उंच उंचवटा रचा, या प्रमाणात: दोन घमेली तिथलीच काळी माती, एक घमेलं मुरूम, अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. निव्वळ मुरमाचा ढीग करू नका, तो मेमध्ये तव्यासारखा तापतो आणि मुळं खालच्या मातीत उतरत नाहीत. शेणखत कच्चं असेल तर त्यातून पामाचा कोंब पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याच्या अळ्या घरी येतात.

पिशवी कापा, मुळांचा गोळा न फोडता ठेवा. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग उंचवट्याच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे, कारण माती पुढे बसते. झाड हलतं म्हणून खोल गाडायचा मोह होतो. हलू द्या, नाहीतर काठ्यांचा आधार द्या. कोंबाभोवती माती चढवली की पुढच्या पावसात पुन्हा तेच. उन्हाळ्यात आळं करायचं ते उंचवट्याच्या पायथ्याशी, आणि मृग लागण्याआधी ते फोडायचं. पावसात पायथ्याशी दिवसभर पाणी साचत असेल तर उताराकडे चर काढा. कोपरा खरोखरच पाणथळ असेल तर हट्ट सोडा आणि मिळाला तर सबाल मायनर लावा. अमेरिकेतल्या दलदलीतला तो पाम ओली मुळं सोसतो.

पाणी ठिबकने, ड्रिपर खोडापासून वीतभर लांब. नळीने वरून कोंबात पाणी सोडू नका.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी, आखडलेली निघाली तर लोह किंवा मँगनीज कमी पडतंय. सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा. जुनी पानं पिवळी पडत असतील तर मात्र विळा आवरा. झाड त्या पानांतलं पालाश (पोटॅश) काढून नव्या पानांना देत असतं. पूर्ण वाळलेलंच पान कापायचं. हातमोजे घाला, काटे खरे आहेत.

वाढ मंद असते. इटलीत पादुआच्या उद्यानात १५८५ साली लावलेला चॅमेरॉप्स अजून जिवंत आहे (तो काचघरात आहे, म्हणून हा दाखला थंडीचा नाही, आयुष्याचा).

बुडाशी पिल्लं फुटतात, आणि केळीचे मुनवे लावलेल्या माणसाचा हात लगेच पहारीकडे जातो. केळीचा मुनवा लागतो. पामाच्या पिल्लाला स्वतःची मुळं फुटलेली नसतील तर ते लागत नाही. मी पाच काढली, पाचही वाळली. शेजारच्या आप्पांना त्यातलं एक कबूल केलं होतं, ते शेवटी विकत आणून दिलं.