गणपतीला गावी निघताना कुत्र्याला बोर्डिंगला ठेवायचंय? मग तयारी महिनाभर आधी करा

पिरंगुटच्या पुढे, मुळशी रस्त्याला आमचं लहानसं बोर्डिंग आहे. सगळं बघायला नवरा, मी आणि मदतीला गावातली दोन मुलं. वर्षातली सर्वात मोठी गर्दी गणपतीत असते, कारण पुण्या-चिंचवडातली कोकणची मंडळी गावी निघतात आणि भरलेल्या गाडीत कुत्र्याला जागा उरत नाही. फोन जुलैपासूनच सुरू होतात. लोक आधी दर विचारतात, मग जेवायला काय देता ते. माझा मात्र एकच प्रश्न असतो: हा याआधी तुमच्याशिवाय कधी झोपलाय का?

बहुतेक घरांचं उत्तर 'नाही' असं येतं. जन्मापासून पलंगाच्या पायथ्याशी झोपलेला लॅब, आणि त्याला आठ रात्री एकदम परक्या ठिकाणी ठेवायचं. इतक्या वर्षांत मी पाहिलंय की जागेची भीती कुत्र्याच्या मनात फार टिकत नाही. कोपरान् कोपरा हुंगून झाला की अर्ध्या दिवसात जागा त्याच्या ओळखीची होते. आपली माणसं परत येणार आहेत, हे मात्र त्याला ठाऊक नसतं, आणि सांगून ते कळणार नाही. जाऊन आणि परत येऊनच ते दाखवावं लागतं. म्हणून बॅग शेवटच्या दिवशी भरली तरी चालेल, पण ही सवय महिनाभर आधी लावायला घ्या.

सुरुवात घरातूनच करा. सारखा मागे मागे फिरणारा कुत्रा असेल तर तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून बसा आणि तो शांत असतानाच बाहेर या. रडायला लागल्यावर दार उघडलंत तर रडलं की दार उघडतं, एवढंच तो शिकेल. दोन-चार दिवसांनी त्याला मावशीकडे किंवा शेजाऱ्यांकडे तासभर सोडा. निघताना 'सोन्या, मी येते हं' असं लांबवू नका आणि आल्यावर दंगाही करू नका. जाणं-येणं ही त्याच्या लेखी रोजची, साधी गोष्ट झाली पाहिजे.

मग बोर्डिंगवर या. पहिल्या खेपेला नुसतं आवारात फिरवून, हुंगू देऊन घरी न्या. पुढच्या खेपेला सकाळी सोडा, दुपारी न्या. त्यानंतर एक रात्र ठेवा. या फेऱ्या शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी करा, शनिवार-रविवारी आवारात कुत्री जास्त असतात. ही एक रात्र तुम्हाला नि आम्हाला खूप काही सांगून जाते. पहिल्या दिवशी जेवण न घेणं, दाराकडे बघत बसणं, रात्री थोडं रडणं हे नेहमीचंच. पण धापा थांबत नाहीत, लाळ गळतेय, दार ओरबाडून नखांतून रक्त आलंय, असं झालं तर त्या कुत्र्याला मी आठ दिवस ठेवून घेत नाही. त्याच्यासाठी ओळखीचं कुणीतरी तुमच्याच घरी येऊन राहिलेलं बरं. खूप म्हातारी, दिसायचं कमी झालेली कुत्रीही घरीच राहावीत असं माझं मत आहे.

त्या फेऱ्यांमध्ये तुम्हीही जागा पारखून घ्या. रात्री आवारात माणूस झोपतो का? बाहेर पडायला एका मागे एक अशी दोन फाटकं आहेत का? कुत्री निसटतात ती बहुधा फाटक उघडताना आणि पहिल्या एक-दोन दिवसांत, म्हणून हे मी सगळ्यात आधी बघायला सांगते. अनोळखी कुत्री एकत्र सोडतात का, आणि सोडली तर तिथे कोण उभं असतं? विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल-ताशे आणि फटाके किती जवळून जातात? आतली खोली दाखवायला जे टाळाटाळ करतात, तिथे ठेवू नका.

आता लसी. यात घाई चालत नाही. लसीचं पुस्तक जुलैमध्येच उघडून तारखा बघा. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी. 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात त्यात डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या आजारांबरोबर लेप्टोचीही लस असते, आणि गणपती म्हणजे पावसाळाच, तेव्हा लेप्टो विसरून चालणार नाही. उंदरांच्या मुतातून हा आजार साचलेल्या पाण्यात येतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. लसीची तारीख बरीच उलटून गेली असेल तर डॉक्टर पुन्हा दोन डोस द्यायला सांगू शकतात, मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवून. ऑगस्टच्या शेवटी धावपळ केली तर हे गणित जुळत नाही.

केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस वेगळी असते, ती बहुधा नाकात थेंब टाकून देतात. बोर्डेटेला जंतूविरुद्ध तिचं संरक्षण तीन दिवसांत उभं राहतं, पण पॅराइन्फ्लुएंझा विषाणूसाठी तीन आठवडे लागतात. म्हणून आम्ही तीन आठवडे आधीची तारीख मागतो. थेंब दिल्यावर थोडं शिंकणं, नाक वाहणं होऊ शकतं. लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं मी घेतच नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी.

पावसाळ्यात गोचीड फार. एका कुत्र्याच्या अंगावरून आलेली गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते आणि मग सगळ्यांनाच त्रास होतो. टिक फीव्हर, म्हणजे एर्लिकिया नाहीतर बबेसिया, तिच्याच चाव्यातून होतो. डॉक्टरांना विचारून येण्याआधी गोळी द्या किंवा मानेवर टाकायचं औषध लावा. मानेवरचं औषध असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. कुत्र्याला फिट्स येत असतील तर गोळी निवडण्यापूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांमधली खरी अडचण इथेच आहे. आपली कुत्री आजीच्या हातून पोळी-दूध खातात. कुणी भरवल्याशिवाय तोंड लावत नाही, कुणाला टीव्ही चालू असताना सोफ्याखालीच जेवायचं असतं. घरी हे गोड वाटतं, पण बोर्डिंगला तोच कुत्रा दोन-दोन दिवस उपाशी राहतो. म्हणून महिनाभर आधी वाडगा एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचला. मागून हातात घेऊन भरवू नका. धडधाकट मोठा कुत्रा एखादं जेवण सोडेल आणि पुढच्या वेळी खाईल. पिल्लू, अगदी लहान जातीचा किंवा मधुमेही कुत्रा असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

खाणं बदलायचं असेल तर तेही आधीच. आमच्याकडे चिकन-भात असतो. तुमचं घर शाकाहारी असेल आणि तो दहीभातावर वाढला असेल तर तसं सांगा, आम्ही त्याचं वेगळं शिजवतो. पण 'तिकडे खाईल तो चिकन' असं गृहीत धरून पाठवलंत तर पहिले तीन दिवस जुलाबात जातील. नवं अन्न आठवडाभरात थोडं थोडं मिसळत वाढवा. विकतचं कोरडं खाणं देत असाल तर एका वेळचं एक अशी पाकिटं करून त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहा आणि दोन दिवसांची जास्त ठेवा. घाटात दरड येते, मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीत गाड्या तासन् तास अडकतात, आणि रविवारी येणारी माणसं मंगळवारी येतात. प्रसाद मात्र पाठवू नका. पंचखाद्यातले बेदाणे-मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

आमचा फॉर्म भरताना लोक एका प्रश्नावर थबकतात: कधी कुणाला चावलाय का? खरं लिहा. चावरा म्हणून आम्ही कुणाला हाकलत नाही, त्याला वेगळं ठेवतो आणि त्याच्या भांड्याजवळ कुणाला जाऊ देत नाही, एवढंच. लपवलं तर आमच्या मुलाचा हात जातो आणि कुत्र्याच्या नावाला बट्टा लागतो. झाडू बघून घाबरतो, हेल्मेटवाल्यावर धावतो, वीज कडाडली की कुठे लपतो, शू करायला गवतच लागतं की फरशी चालते, हे सगळं आमच्या कामाचं आहे. कुत्री माजावर येण्याच्या बेतात असेल तर तेही सांगा. माज साधारण सहा महिन्यांनी येतो आणि तीनेक आठवडे चालतो, तेव्हा तारीख आधीच हिशेबात घ्या.

औषधं मूळ पाकिटातच द्या. नाव, मात्रा आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहा आणि चार दिवसांची जास्त ठेवा. फिट्सवर फेनोबार्बिटोन चालू असेल तर ते एकदम बंद पडता कामा नये, त्यानेच जोराची फिट येऊ शकते. गावाला रेंज नसते, म्हणून पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर द्या, जो तुमच्या वतीने निर्णय घेईल. शिवाय तुमच्या डॉक्टरांचा नंबर आणि 'तातडीच्या वेळी इतक्या रुपयांपर्यंत उपचार करावेत' अशी सहीची चिठ्ठी. रात्री दोन वाजता कुत्र्याचं पोट फुगलेलं असताना परवानगीसाठी फोन लावत बसणं फार जीवघेणं असतं.

बॅगेत नवं काही नको. दोन रात्री अंगावर घातलेला, न धुतलेला टी-शर्ट द्या, त्याचा उपयोग नव्या महागड्या गादीपेक्षा जास्त होतो. त्याच्या जिवाचं खेळणं घरीच ठेवा, त्यावरून भांडणं होतात. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून सैल नको. मागे सरकून डोकं बाहेर काढणारी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत.

सोडायच्या दिवशी सकाळी त्याला भरपूर चालवा. जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी उरकून घ्या, पिरंगुटच्या घाटातल्या वळणांवर भरल्या पोटाची कुत्री हमखास ओकतात. संध्याकाळी आणू नका. सकाळी आलेल्या कुत्र्याला अंधार पडेपर्यंत जागा ओळखीची होते. मग लीश आमच्या हातात द्या, पाठीवर एकदा हात फिरवा आणि निघा. मला माहीत आहे, हे अवघड जातं. पण मिठी मारून रडलात तर काहीतरी वाईट घडतंय हे त्याला लगेच कळतं आणि तो तासभर फाटकाशी उभा राहतो. रोजचे फोटो आम्ही पाठवतोच. व्हिडिओ कॉलवर त्याला हाक मारू नका, आवाज ऐकून शोधायला लागतात बिचारी.

परत नेल्यावर एक-दोन दिवस तो खूप झोपेल. पाणी घटाघट पिईल, ते थोडं थोडं द्या. भुंकून आवाज बसलेला असेल, शी पातळ होईल. दोन दिवसांत हे आवरलं नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. पहिल्याच संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड तपासा. पुढचे दोन आठवडे खोकल्याकडे लक्ष ठेवा. घशात काही अडकल्यासारखा कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला आला तर त्याला सोसायटीतल्या इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. दोन-तीन आठवड्यांत ताप आला, जेवण सुटलं, नाकातून रक्त आलं किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या तर लगेच रक्त तपासून घ्या, हा टिक फीव्हर असू शकतो. आणि यातलं काहीही झालं तर आम्हालाही फोन करा. त्याच आठवड्यात इथे राहिलेल्या बाकीच्या घरांना आम्हाला कळवता येतं.