कॉलेज सॉकरमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय? या चुका टाळा

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की मला गावाकडनं दोन-तीन तरी फोन येतात, बहुतेक कोल्हापूर नाहीतर पुणे, एकदा मडगाववरनंही आला होता. दादा मी इथे लीग खेळलोय, कोचिंगचं डी लायसन्स झालंय, आता मास्टर्सला अमेरिकेत येतोय आणि तिकडे कॉलेजच्या टीमला असिस्टंट कोच म्हणून लागायचंय, काय करू? प्रत्येकाला तेच तेच सांगतो म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी इथे ग्रॅज्युएट असिस्टंट (म्हणजे मास्टर्स करता करता टीमचं काम) म्हणून सुरुवात केली, आता डिव्हिजन टूच्या एका कॉलेजात पूर्णवेळ असिस्टंट आहे (इथे कॉलेजच्या खेळाच्या वन, टू, थ्री अशा तीन पातळ्या असतात), आणि खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात, बाकीच्या शेजारच्या ऑफिसात होताना बघितल्यात. (आणि हो, इथे फुटबॉल म्हटलं की लोकांना हेल्मेटवालं फुटबॉल आठवतं, त्यामुळे सॉकर म्हणायची सवय करा.)

हे काम मैदानावरचं आहे असं समजू नका

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. एनसीएए ही इथली कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वन आणि टूला सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करून घेता येतं, दिवसाला ४ तासांच्या वर नाही आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, सीझन संपला की ते तास अजून कमी होतात. मग उरलेला वेळ असिस्टंट काय करतो? हॉटेल आणि बसचं बुकिंग, ३० जणांचं जेवण, त्यात कोण शाकाहारी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, समोरच्या टीमचे व्हिडिओ बघून क्लिप कापणं, कोण वर्गाला जात नाही याचा पाठपुरावा आणि या सगळ्याच्या वर रिक्रूटिंगचे, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू शोधायचे मेल. ऑगस्टच्या सुरुवातीला मुलं येतात आणि नोव्हेंबरपर्यंत आठवड्याला साधारण दोन मॅच, म्हणजे एक मॅच संपेपर्यंत दुसरीची तयारी डोक्यावर. हे आवडणार असेल तरच या.

आणि नियमांचं पुस्तक वाचून या, कारण कॉलेजचे नियम आपल्यापेक्षा वेगळे आहेत. घड्याळ ४५ वरून उलटं शून्याकडे येतं. २०२२ पासून नेहमीच्या मॅचला एक्स्ट्रा टाइम नाही, बरोबरी तर बरोबरी. बदली खेळाडूचं तर वेगळंच गणित, पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला त्याच हाफमध्ये परत येत नाही, दुसऱ्या हाफमध्ये एकदा येऊ शकतो. हा हिशोब बेंचवर असिस्टंटच ठेवतो. माझ्या पहिल्याच मॅचला ३०व्या मिनिटाला बाहेर काढलेल्या विंगरला मी ४०व्या मिनिटाला स्कोअररच्या टेबलाकडे पाठवलं, त्यांनी परत पाठवलं, आणि तोपर्यंत दुसरा कुणी वॉर्मअप करून तयार नव्हता. त्या दिवसापासून कागद आणि पेन्सिल खिशात, मोबाईल नाही, पावसात मोबाईलचा स्क्रीन काही ऐकत नाही.

डिग्री आणि व्हिसाचा विचार नंतर करू, असं म्हणू नका

हे आपल्या मुलांसाठी खास. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकताना कॉलेज चालू असेल तेव्हा कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा त्यात बसते, चांगली मिळाली तर फी माफ होते आणि वर थोडे पैसे मिळतात. पण नंतरचं १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, हे तुमच्या डिग्रीशी संबंधित कामासाठीच असतं. कॉम्प्युटरची मास्टर्स करून ओपीटीवर कोचिंग करतो म्हणाल तर जमणार नाही, स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा किनेसिओलॉजीसारखं काहीतरी पाहिजे, आणि ओपीटीत एकूण ९० दिवसांच्या वर बेकार राहता येत नाही.

दुसरं, इथले असिस्टंट पगार पुरत नाही म्हणून संध्याकाळी लोकल क्लबला कोचिंग करतात, तुम्हालाही कुणीतरी म्हणेल ये की, रोख देतो. विद्यार्थी व्हिसावर असाल तर जाऊ नका. उन्हाळी कॅम्पचं पण तसंच, कॅम्प कॉलेजच्याच ग्राऊंडवर असतो म्हणून आपल्याला वाटतं कॅम्पसचंच काम आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो हेड कोचच्या स्वतःच्या कंपनीचा असतो आणि चेक त्या कंपनीकडून येतो. आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, लेखी. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना लॉटरीची मर्यादा लागू नाही ही जमेची बाजू, पण अर्धवेळ जागेसाठी कुठलंच कॉलेज स्पॉन्सर करत बसत नाही, तेव्हा इंटरव्ह्यूतच सरळ विचारा.

रिक्रूटिंगमध्ये नसलेला शब्द देऊ नका

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी जास्त बोलणार कारण इथेच मी एका पोराचं नुकसान केलंय.

पैशाचं आधी समजून घ्या. डिव्हिजन थ्रीला खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. डिव्हिजन टूला मुलांच्या टीमसाठी जास्तीत जास्त ९ आणि मुलींच्या टीमसाठी ९.९ पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे, आणि ते २५-३० जणांत वाटायचे, बऱ्याच कॉलेजांकडे तेवढेही नसतात. डिव्हिजन वनला मुलांसाठी ९.९ आणि मुलींसाठी १४ अशी वर्षानुवर्षं मर्यादा होती, २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर ज्या कॉलेजांनी ती व्यवस्था स्वीकारली तिथे ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये २८ च जण हा नियम आला. म्हणजे पूर्वी स्कॉलरशिप नसली तरी टीमबरोबर राहून शिकणारी जी पोरं असायची त्यांची जागा आक्रसली. 'फुल स्कॉलरशिप' हा शब्द आई-वडिलांच्या डोक्यात असतो, पण आपल्या खिशात तो जवळजवळ कधीच नसतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी डिसेंबरात एका शोकेसला, म्हणजे कॉलेजच्या कोचांनी खेळाडू बघावेत म्हणून भरवलेल्या स्पर्धेला गेलो होतो, २० मैदानं एका लायनीत आणि प्रत्येक टचलाइनवर आमच्यासारखे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. एक सेंटर बॅक आवडला, उंच, डाव्या पायाचा, मागून बोलत राहणारा. मॅचनंतर त्याचे वडील आले, हातात छोटी वही. किती मिळेल म्हणाले. मला अजून हेड कोचशी बोलायचं होतं, पण तोंडातून गेलं, "काळजी करू नका, निम्म्याच्या आसपास तरी होईल." त्यांनी माझ्यासमोर ते वहीत लिहिलं आणि मी ते बघितलं, तरी थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये ऑफर गेली ती फीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याची. वडिलांचा फोन आला, आवाज अजिबात चढवला नाही, वही काढून तारीख वाचली, मैदानाचा नंबर वाचला आणि माझं वाक्य वाचलं. दरम्यान त्यांनी दुसऱ्या एका कॉलेजला नाही कळवलं होतं. मी हेड कोचकडे जाऊन सगळं सांगितलं, अभ्यासावरची मदत, गरजेवरची मदत, सगळे फॉर्म भरून बघितले, पण त्या वर्षीचे पैसे वाटून झाले होते. तो मुलगा ज्युनियर कॉलेजला गेला (इथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपलं अकरावी-बारावीचं नव्हे). त्याच्या क्लबच्या कोचनं पुढची दोन वर्षं माझ्या एकाही मेलला उत्तर दिलं नाही, आणि त्या क्लबमधून दर वर्षी चार-पाच पोरं कॉलेजला जातात. असिस्टंटकडे ना बजेट असतं ना शेवटचा निर्णय, असतो तो फक्त शब्द, आणि मी तो वाया घालवला.

आता हेड कोचनं मेलवर हो म्हटल्याशिवाय मी आकडा उच्चारत नाही. विचारलं तर सांगतो, आत्ता सांगता येत नाही, अमुक तारखेला कळवतो, आणि त्या तारखेला उत्तर नसलं तरी फोन करतो. तुझ्या जागेवर चार जण आहेत, त्यातले दोन पुढच्या वर्षीही असतील, हेही सांगतो. काही पोरं हे ऐकून जातात. जाऊ द्या. जी येतात ती ऑक्टोबरात बेंचवर बसल्यावर कोच खोटं बोलला म्हणत नाहीत.

"कुणाला सांगणार नाही" हे वाक्य वापरू नका

खेळाडू हेड कोचच्या आधी असिस्टंटकडे येतात, आपण वयानं जवळचे असतो. एकदा एक जण म्हणाला, डोकं गरगरतंय पण सांगू नका, शनिवारी खेळायचंय. तिथून मी त्याला थेट दुखापती बघणाऱ्या ट्रेनरच्या खोलीत नेलं, चिडला माझ्यावर. कंकशन, म्हणजे डोक्याला बसलेला मार, लपवायचं नसतंच. छळ, मारहाण असल्या गोष्टी कानावर आल्या तरी बहुतेक कॉलेजांत कोचला त्या वर कळवाव्याच लागतात. म्हणून आधीच सांगून ठेवा की काही गोष्टी मी स्वतःजवळ ठेवू शकणार नाही.

हेड कोच व्हायची घाई करू नका

बॉब ब्रॅडली २२व्या वर्षी ओहायो युनिव्हर्सिटीचे हेड कोच होते, ते सोडून व्हर्जिनियात ब्रूस अरीनांचे असिस्टंट झाले, मग १९८४ ला प्रिन्स्टनचे हेड कोच आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमचे. नॉर्थ कॅरोलायनात अँसन डोरान्स यांनी १९७९ पासून मुलींची टीम चालवली, ऑगस्ट २०२४ मध्ये सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले आणि त्यांचे असिस्टंट डेमन नहास यांनी तीच टीम हंगामी कोच म्हणून घेऊन डिसेंबरात नॅशनल टायटल जिंकलं. असिस्टंट असताना सगळं माहीत असल्याशिवाय हे होत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, हेड कोच गेला की नवा माणूस बहुतेकदा आपली माणसं आणतो आणि तुमची चूक नसताना तुम्ही बाहेर. म्हणून युनायटेड सॉकर कोचेस या कोचांच्या संघटनेच्या जानेवारीतल्या कन्व्हेन्शनला नोकरी असतानाही जा, आणि जुन्या हेड कोचबद्दल तिथे वाईट बोलू नका, तो पुढच्याच टेबलावर असतो.

जागा डिसेंबर-जानेवारीपासून निघायला लागतात, सीझन संपला की बदल सुरू होतात. एनसीएएच्या जॉब साइटवर रोज बघा, कॉलेजच्या वेबसाइटवरून असिस्टंटचा मेल शोधून त्यालाच लिहा, बरोबर तुम्ही सेशन घेतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ जोडा, त्यात तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. मला मार्चमध्ये फोन येतात तोपर्यंत निम्म्या जागा भरलेल्या असतात, तेव्हा यंदा दिवाळी झाली की करा.