कोलोनोस्कोपीत पॉलिप सुटू नये म्हणून: एंडोस्कोपी रूममध्ये नव्याने येणाऱ्या सिस्टरांसाठी

एंडोस्कोपीला ड्युटी लागली की नव्या सिस्टरला आधी स्कोप (तपासणीची दुर्बीण) धुणं आणि ट्रॉली लावणं शिकवतात. ते यायलाच हवं. पण कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, पॉलिप (आतड्याच्या आतल्या थरावर उगवलेली गाठ) सापडण्यात आपला हात किती असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अ‍ॅडिनोमा जातीच्या पॉलिपपासून होतात आणि त्याला साधारण १० वर्षं लागतात. त्या काळात पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. सुटला तर पेशंट ‘नॉर्मल’चा कागद घेऊन बेफिकीर घरी जातो.

पहिलं काम पोट साफ करण्याचं, आणि आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. पोट साफ करायच्या पावडरचं दोन लिटर पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी घ्यायचं असतं. सगळं रात्रीच प्यायलं तर सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या बाजूला पुन्हा चिकट थर जमतो, आणि चपटे पॉलिप नेमके त्याच बाजूला जास्त असतात. पण गडचिरोलीतल्या लांबच्या एटापल्ली-भामरागडकडचा माणूस पहाटेचा डोस पिऊन एसटीत बसणार कसा? अशा पेशंटला आदल्या दिवशीच भरती करा म्हणून मी डॉक्टरांच्या मागेच लागते. बायांना बाजूला घेऊन विचारा, घरी संडास आहे का? नसेल तर ती बाई अर्धं पाणी पिऊन बाकीचं ओतून देते आणि आपल्याला “सगळं पेलो जी” म्हणून सांगते. तिला रागावू नका, खाट द्या.

जेवणाचं सांगताना छापील कागदावर विसंबू नका. ‘कमी फायबर’ कोणाला कळत नाही. जवसाची चटणी, तीळ, वांगं, पेरू, अंबाडीची भाजी बंद. भात आणि मुगाचं पातळ वरण चालेल, असं सांगा. लाल सरबत नको. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवायच्या. शेवटी लघवीसारखं पिवळं, स्वच्छ पाणी पडलं की झालं. गढूळ असेल तर टेबलवर घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत) पोचला, अपेंडिक्सचं तोंड दिसलं, की घड्याळ लावा. बारकाईने पाहणं खरं तर बाहेर येताना होतं. त्याला किमान ६ मिनिटं द्यावीत असं बरीच वर्षं सांगितलं गेलं, आता ८ मिनिटं म्हणतात. पॉलिप काढण्यात गेलेला वेळ त्यात धरायचा नाही. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना “सर, चार मिनिटं झाली” एवढं म्हणायला धीर लागतो, पण म्हणा. उजवी बाजू दोनदा पाहिली की सुटलेलं सापडतं. आडवं आतडं पाहताना पेशंटला उताणं करा, डावी बाजू पाहताना उजव्या कुशीवर वळवा. घड्या उघडतात.

मॉनिटरवर तुमचीही नजर हवी. कापूस वेचताना पानाआडचं बोंड सुटतं, तसा घडीमागचा पॉलिप सुटतो. देठाचा पॉलिप कोणालाही दिसतो. चपटा मात्र बऱ्याचदा पिवळसर शेंबडाच्या टोपीखाली असतो, त्याच्याखालच्या रक्तवाहिन्या पुसट दिसतात. शंका आली की “सर, तिथे धुऊन पाहू या” म्हणा. आता पडद्यावर चौकट काढून पॉलिप दाखवणारी एआय यंत्रणाही आली आहे. ती चांगलीच आहे, पण कॅमेऱ्यासमोर आलेलंच तिला दिसतं. घाण धुणं आणि घडी उघडणं आपल्याच हातात.

प्रत्येक जागेचा तुकडा वेगळ्या बाटलीत ठेवा आणि जागा लिहा. रजिस्टरमध्ये बायोप्सी रिपोर्टसाठी रकाना ठेवा. किती जणांत निदान एक अ‍ॅडिनोमा सापडला, हे दर महिन्याला मोजा. ४५ वर्षांवरच्यांसाठी अमेरिकेत हे प्रमाण निदान ३५ टक्के असावं म्हणतात. भारतात हा आजार कमी, शिवाय आपल्याकडे लोक रक्त पडायला लागल्यावर येतात, तेही मूळव्याध समजून कितीतरी महिने काढल्यावर. म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावू नका. आपलाच मागचा महिना आणि हा महिना शेजारी ठेवा. आकडा घसरला तर आधी पेशंटची पोटं नीट साफ होती का, ते बघा.

रिपोर्टमध्ये कॅन्सर किंवा वाढलेला (कॅन्सरकडे झुकलेला) अ‍ॅडिनोमा आला, तर पेशंटच्या भावंडांची आणि मुलांची वयं विचारून लिहून घ्या. त्यांची तपासणी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा पेशंटला निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा व्हायला हवी. गावाकडे फोन लागत नसेल तर आशाताईंचा नंबर मागून ठेवा.