लाभांशातून वर्षाला किती मिळतील? अंदाज असा बांधा

गिरगाव-दादरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी मराठी घरांत आता डीमॅट खातं असतं. निवृत्तीनंतर शेअरच्या लाभांशातून, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना देते त्या पैशांतून, निदान सोसायटीचा मेंटेनन्स सुटावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्यासाठी अ‍ॅपवर दिसणाऱ्या ‘डिव्हिडंड यील्ड’च्या, म्हणजे शेअरच्या भावाच्या तुलनेत लाभांश किती याच्या, टक्क्यावर विसंबू नका. आकडा स्वतः मांडून काढा. चार-पाच कंपन्या असतील तर एका दुपारचं काम आहे.

१. शेअरची यादी करा

डीमॅटचं होल्डिंग स्टेटमेंट उघडा आणि वहीत कंपनी, शेअरची संख्या आणि दर्शनी मूल्य (शेअरची कागदोपत्री मूळ किंमत) लिहा. आईवडिलांच्या कपाटात कागदी शेअर असतील तर तेही धरा, मात्र वेगळ्या पानावर. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरचा लाभांश केवायसी (ओळख, पॅन, बँक खात्याची नोंद) पूर्ण असल्याशिवाय मिळत नाही. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. तो परत मागता येतो, पण यंदाच्या अंदाजात त्याला जागा नाही.

२. गेल्या तीन वर्षांचा लाभांश रुपयांत लिहा

बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की ‘कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स’मध्ये प्रत्येक लाभांश आणि त्याची तारीख दिसते. कंपनीने ‘६०० टक्के लाभांश’ जाहीर केला तर तो टक्का दर्शनी मूल्यावर असतो, बाजारभावावर नाही. १ रुपया दर्शनी मूल्याच्या शेअरला त्याचे ६ रुपयेच मिळतात.

बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा विभाजन (एका शेअरचे अनेक शेअर) झालं असेल तर जुना आकडा तसाच उचलू नका. एचडीएफसी बँकेने २०२४-२५ साठी शेअरमागे २२ रुपये दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस आला. आज तुमच्या खात्यात दिसणाऱ्या वाढीव संख्येला २२ ने गुणलंत तर उत्तर दुप्पट येईल. तिथे ११ धरा.

३. विशेष लाभांश बाजूला काढा

विशेष लाभांश म्हणजे नेहमीच्या लाभांशाखेरीज एखाद्या वेळी दिलेली जादा रक्कम. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण अंदाज बहुधा इथेच फसतो. टीसीएसचा एकूण लाभांश २०२२-२३ मध्ये ११५ रुपये, पुढच्या वर्षी ७३ आणि २०२४-२५ मध्ये १२६ होता. नुसते हे आकडे पाहून पुढच्या वर्षी काय धरावं ते कळत नाही. यातला विशेष लाभांश अनुक्रमे ६७, १८ आणि ६६ रुपये होता. तो वजा केला की ४८, ५५ आणि ६० उरतात, आणि कंपनीची नेहमीची चाल समोर येते. शेअरचा भाव समजा ३,५०० रुपये आहे. १२६ धरले तर यील्ड ३.६ टक्के दिसतं, ६० धरले तर १.७. घरखर्चासाठी दुसरा आकडा खरा मानावा, असं माझं ठाम मत आहे. विशेष लाभांश आलाच तर तो वरकड.

काही कंपन्यांत अशी चाल सापडतच नाही. वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे १०१.५० रुपये दिले, पुढच्या वर्षी २९.५०. अशा कंपनीचा तीन वर्षांतला सर्वांत कमी आकडा घ्या, सरासरी नको.

४. गुणाकार करा आणि हात आखडता घ्या

समजा टीसीएसचे १००, आयटीसीचे ४००, स्टेट बँकेचे २०० आणि कोल इंडियाचे ३०० शेअर आहेत. २०२४-२५ चा नेहमीचा लाभांश शेअरमागे अनुक्रमे ६०, १४.३५, १५.९० आणि २६.५० रुपये. म्हणजे ६,००० अधिक ५,७४० अधिक ३,१८० अधिक ७,९५०, एकूण २२,८७०.

आता याला कात्री लावा. लाभांश हे व्याज नव्हे, तो देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. एप्रिल २०२० मध्ये तर रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लाभांश देण्यापासून रोखलं होतं, आणि २०१९-२० चा अंतिम लाभांश बँकांना देता आला नाही. मी पहिल्या तीन कंपन्यांचे दहा टक्के आणि कोळशाच्या धंद्यातल्या चढउतारामुळे कोल इंडियाचे पंचवीस टक्के कमी करेन. उरतात सुमारे १९,४००.

५. कर वजा करा

१ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर कंपनी भरत नाही. तो तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे लागतो. वीस टक्क्यांचा स्लॅब असेल तर उपकरासह २०.८ टक्के जातात, आणि हाती सुमारे १५,३५० राहतात. महिन्याला तेराशेच्या आत. मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांचा मेंटेनन्स यात सुटणार नाही. हे आधी कळलेलं बरं.

टीडीएस म्हणजे वेगळा कर नव्हे, याच कराची आगाऊ कपात. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून आर्थिक वर्षात १०,००० रुपयांहून जास्त लाभांश मिळाला की १० टक्के कापले जातात. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के.

६. महिने मांडा

पैसे दरमहा समान येत नाहीत. स्टेट बँक सहसा वर्षातून एकदाच, मे-जूनच्या सुमारास देते. टीसीएस तिमाही निकालांमागोमाग देते. आयटीसीचा अंतरिम (वर्ष संपण्याआधी दिलेला) लाभांश मार्चच्या आसपास येतो, अंतिम जुलैअखेर. या उदाहरणात एप्रिल आणि डिसेंबर कोरडे जाण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा त्या महिन्यांची तरतूद आधीच्या पैशांतून करून ठेवा.

नवे शेअर घेणार असाल तर एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) किमान एक कामकाजाचा दिवस आधी घ्यावे लागतात. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका खाली येतो, म्हणून निव्वळ लाभांशासाठी आदल्या दिवशी शेअर घेण्यात फायदा नाही.

लाभांश जाहीर झाल्यावर तीस दिवसांत खात्यात यायला हवा. पासबुकातल्या एसीएचच्या (थेट खात्यात जमा झालेल्या रकमांच्या) नोंदी वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. एखादी नोंद दिसली नाही तर डीमॅटला जोडलेलं बँक खातं अजून चालू आहे ना, हे आधी बघा आणि मग कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) फोलिओ (कागदी शेअरचा खाते क्रमांक) किंवा डीमॅट क्रमांक देऊन ईमेल करा.