सवाईला जाताय? आधी रात्रीच्या डब्याचं बघा

पुण्यात डिसेंबरमध्ये शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. त्याचं सीझन तिकीट हातात आलं की पहिलं काम रात्रीच्या जेवणाची सोय. शाल, मफलर, पाठ टेकायला उशी, सकाळी मिसळ कुठं खायची, हे सगळं नंतर. मागच्या वेळी मी आत्याला घेऊन कोल्हापूरहून गेले. बाकी सगळं आठवणीनं नेलं आणि नेमकं हे विसरले.

शनिवार होता. लाउडस्पीकरला एरवी रात्री दहाची मर्यादा असते, महोत्सवातल्या शनिवारी बारापर्यंत परवानगी मिळते, म्हणून त्या दिवशी मैफल लांबते. आत्यानं नेहमीच्या वेळेला, साडेआठला, शुगरची गोळी घेतली. जेवणाआधीची गोळी! दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत पिठलं-भाकरी घेऊ असं मी म्हटलं होतं, पण तेव्हा सगळा मंडपच उठून स्टॉलवर येतो. आमचा नंबर यायच्या आत तंबोरे लागले. आत्या म्हणाली, "चल गं, नंतर खाऊ. पहिला षड्ज चुकायला नको." बाराला बाहेर पडलो, रिक्षा मिळेपर्यंत साडेबारा. लॉजखालच्या हॉटेलात खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या आणि फरशीवर फिनेलचं पाणी. कोपऱ्यावर अंडाभुर्जीची गाडी होती, पण मार्गशीर्षात आत्याला ते चालत नाही. जिन्यात तिनं कठडा धरला तेव्हा तिच्या बांगड्या वाजत होत्या, इतका हात थरथरत होता. त्या थंडीत कपाळावर घाम. गोळी पोटात आणि जेवण नाही, म्हणून साखर उतरली होती. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं चहाची साखर दिली, ती पाण्यात ढवळून पाजली तेव्हा कुठं आत्या नीट बोलायला लागली.

म्हणून सांगते, डबा. दुपारी मंडपाकडे निघण्याआधी रात्रीचा डबा खोलीवर भरून तयार हवा. पुण्यात जागोजागी पोळीभाजी केंद्रं आहेत. सकाळीच चार पोळ्या आणि एखादी कोरडी भाजी बांधून घ्या, रस्साभाजी रात्रीपर्यंत आंबते. घरून येणार असाल तर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणा, दोन दिवस काही होत नाही. स्टॉलवर काहीतरी मिळेलच, या भरवशावर राहू नका. मिळतं, पण तुम्हाला उठता येईल तेव्हा रांग असते, आणि रांग नसते तेव्हा कुणीतरी गात असतं.

गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारं माणूस बरोबर असेल तर मैफलीच्या दिवसांत जेवणाची आणि गोळीची वेळ कशी बसवायची, हे निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. आत काय नेऊ देतात ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचा, पण ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर खिशातच हवी. पर्समध्ये नको, पर्स गर्दीत सतरंजीखाली जाते आणि वेळेला सापडत नाही. मार्गशीर्षातला गुरुवार या पाच दिवसांत येऊ शकतो. उपास असेल तर तो कधी सोडायचा तेही सकाळीच ठरवा.

पाण्याची बाटली न्या. रोख आणि सुटे पैसे न्या.

आता दिवसाचं खाणं. जुने श्रोते अजून सांगतात की बाहेर पडलं की दोन पावलांवर सगळं मिळतं. ते रमणबागेचं झालं, पूर्वी महोत्सव त्या शाळेच्या मैदानावर असायचा. तिथं शनिवार पेठ, नारायण पेठ पायाखाली होती. आणखी मागे महोत्सव रात्रभर चालायचा, मैफल संपायची ती चहा-पोह्यांच्या वेळेला, मग रात्रीच्या जेवणाचा प्रश्न कुठला! २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे स्वारगेट. त्यामुळे पेठांमधलं खाणं सकाळीच उरकायचं. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खायची तर लवकर जा, ती पावाबरोबर नाही, स्लाइसबरोबर येते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत शनिवार-रविवारी सकाळी नाव लिहून ताटकळावं लागतं, त्यापेक्षा मधल्या वारी जा. दुपारचं पोटभर जेवण टिळक रस्त्यावर, बादशाहीत किंवा दुर्वांकुरला, कारण तिथून स्वारगेट जवळ. मात्र पहिल्याच कलाकाराला डोळे मिटायला लागतील इतकं जेवू नका. भर दुपारी आलेले कित्येक तरुण कलाकार अर्ध्या झोपलेल्या मंडपापुढं जीव तोडून गातात, मला ते बघवत नाही.

मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, प्यायची तर दुपारी. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता आहे. संध्याकाळनंतर नको, मंडप बाजूंनी उघडा असतो आणि आठनंतर गारठा अंगात शिरतो. भारतीय बैठकीत खालून जास्तच. चहा-कॉफी स्टॉलवर मिळते, पण बेतानं प्या, कारण स्वच्छतागृहालाही रांग असते.

आणि डबा भरलात का? शनिवारी तर हवाच हवा. त्या दिवशी मेट्रोही तुमच्यासाठी मध्यरात्री थांबत नाही, रिक्षावाल्याला आधीच बोलून ठेवा.

खरेदी. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी, १९५५ पासूनची, दुपारी बंद असते. श्रूजबेरी बिस्किटं हवी असतील तर सकाळी जा आणि रविवारवर ढकलू नका. चितळ्यांची बाकरवडी शहरभर मिळते, त्यासाठी पायपीट नको. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता एका सकाळी होतात, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. मात्र घेतलेलं सगळं खोलीवर टाकून मग मंडपात या. विलंबित ख्याल चालू असताना मागून प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की दहा रांगांची समाधी मोडते. आलाप ऐकायला माणसं कुठून कुठून आलेली असतात हो. मंडपाच्या आवारात पुस्तकांचे स्टॉल आणि छायाचित्रांचं प्रदर्शन असतं, ते पहिल्या दिवशीच बघून घ्या.

तंबोरा घ्यायचा असेल तर पुण्यात घाईनं घेऊ नका, मिरजेला जा.

रविवारी मैफल दुपारी लवकर सुरू होते, त्यामुळे त्या दिवशी बाजार नाहीच. सकाळी डबा, सामान बांधणं, लॉजचा हिशेब, एवढंच. शेवटच्या कलाकाराच्या वेळी जेवणासाठी उठू नका. सगळं आटोपल्यावर भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व यांची जुनी ध्वनिमुद्रिका लावायची प्रथा आहे, 'बिन देखे परे नाही चैन'. आत्या ती उभी राहून ऐकते. तेवढ्या वेळाची भूक आधीच भागवलेली असू दे.

परतीची एसटी सोमवारी सकाळची धरा. स्वारगेटला नाश्ता मिळतो. रविवार रात्रीचा डबा मात्र विसरू नका.